कंट्रोलरसाहेबांचे अडतीस सेकंद

आमच्या ह्यांना बस डेपोत सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. तोंडावर ‘कंट्रोलरसाहेब’. चौतीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या आणि जी वेळेवर सुटली नाही तिच्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रिटायर झाले, पण सवय काही सुटली नाही. सकाळचा चहा सहा दहाला म्हणजे सहा दहाला. सहा बाराला आला की कपाकडे असं बघतात, जणू तो बिनतिकिटाचाच चढलाय. मीसुद्धा सत्तावीस वर्षं शाळेत घंटा वाजवली. पण गप्पांच्या नादात मधली सुट्टी संपल्याची घंटा चार मिनिटं लांबली, तर एका तरी पोरानं तक्रार केली असेल तर शपथ.

दुसरं वेड क्रिकेटचं. मॅच असली की घरात मी नाहीच असं समजायचं. आणि हे वेड ह्यांनी एकट्यानं केलं असतं तर मी काही बोलले नसते, पण आमच्या एकुलत्या एक लेकीलाही लावलं. पाच वर्षांची होती तेव्हापासून दोघं एका चादरीत बसून मॅच बघायचे. हे फलंदाज बघायचे आणि ती जमीन. “बाबा, आज गवत जास्त ठेवलंय, बॉल उसळणार,” म्हणायची. एवढीशी पोर! आणि बॉल उसळायचा. हे कॉलर ताठ करून मला सांगायचे, “बघ, माझी पोरगी आहे.”

ती ह्यांची पोरगी मोठी झाली, शिकली, परीक्षा देऊन विमा कंपनीत लागली. तीन वर्षं गुमान नोकरी केली आणि एके दिवशी राजीनामा देऊन आली. म्हणाली, मैदानाचं काम शिकायला चाललेय. खेळपट्टी तयार करायची, गवत राखायचं, रोलर फिरवायचा. जागाही मिळाली होती, इथून दिवसभराच्या प्रवासावर.

ह्यांचं डोकंच फिरलं. “गवत राखायला एवढी शिकलीस? मला आधी सांगायचंस, दोन म्हशी घेऊन दिल्या असत्या,” म्हणाले. पोरीनं बॅग उचलली आणि गेली. तिलाही राग नाकावरच, कुणाची लेक!

चौदा महिने झाले त्याला. चौदा महिने बापलेक बोलले नाहीत. रविवारी तिचा फोन आला की हे गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे. कुंड्यांत नुसता चिखल झाला, पण हे आत यायचे नाहीत. मी मध्ये लटकलेली. इकडचं तिकडे सांगून सांगून माझी जीभ झिजली. देवाशपथ सांगते, मला एकच हवं होतं. मी डोळे मिटायच्या आत ह्या दोघांनी एकमेकांशी नीट दोन वाक्यं बोलावीत.

त्यात ह्या वर्षी केबलवाल्यानं सांगितलं की खेळाच्या चॅनलचं पॅकेज आता वेगळं घ्यावं लागेल. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, चॅनल सोडा, ॲप घ्या. मोबाइलवर बघा, टीव्हीला जोडून बघा, मागे घ्या, पुढे घ्या.” आठवडाभर फुकट बघायला मिळत होतं. हे म्हणाले, बघू तर खरं.

पहिल्याच मॅचला तमाशा झाला. आमच्या खाली शिंप्याचं दुकान आहे, त्याच्याकडे केबल. आमच्या टीव्हीवर बॉलर अजून पाठ फिरवून चालतोय, आणि खालून शिंपी बोंबलला, “गेला! गेला!” हे दचकले. म्हणाले, काय गेलं त्याचं? मग आमचा बॉलर वळला, पळत आला, बॉल टाकला, आणि आमचाही गेला. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा ह्यांनी डेपोतलं जुनं स्टॉपवॉच काढलं. शिंप्याची आरोळी आली की दाबायचं, आपल्याकडे विकेट पडली की दाबायचं. चार वेळा मोजून निकाल लागला. ॲप चॅनलच्या अडतीस सेकंद मागे.

“अडतीस सेकंद!” हे उभेच राहिले. “म्हणजे आपण शिळं बघतोय. झालेलं बघतोय. माझ्या डेपोत अडतीस सेकंद उशीर करणाऱ्याला मी...”

“माहिती आहे काय करायचात,” मी म्हटलं. “बसा.”

झालं. ॲप हद्दपार, चॅनलचं पॅकेज चालू. एक घाव दोन तुकडे.

आणि पुढच्याच रविवारी लेक फोनवर म्हणाली, “आई, पुढच्या आठवड्यात आमच्या मैदानावर मॅच आहे. दोन डावांच्या मध्ये खेळपट्टी आम्हीच करणार. चॅनलवाले त्या वेळी जाहिराती दाखवतात, पण ॲपवर मैदानाचा एक वेगळा कॅमेरा चालू असतो. तू बघशील?” मग जरा थांबून म्हणाली, “तूच बघ. बाबांना नको सांगू.”

आवाजावरून कळतं हो आईला. ‘नको सांगू’ म्हणजे ‘सांग’. ह्यांच्याशी वाद घालत बसले असते तर मॅच संपली असती, म्हणून मी कुणाला न विचारता डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि माझ्या मोबाइलवर ॲप घेतलं, वर्षभराचं.

मॅचच्या दिवशी हे सकाळपासून टीव्हीसमोर. मैदान कोणतं ते पेपरात छापलं होतं, ह्यांनी वाचलं होतं, पण तोंडातून अवाक्षर नाही. मीही मूग गिळून बसले. दुपारी पहिला डाव संपला. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, मग रंगाची, मग पुन्हा साबणाची. मी मोबाइल डब्याला टेकवून ह्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “बघायचं तर बघा, नाहीतर गॅलरीत जा.”

कॅमेरा उंचावर होता. माणसं बोटाएवढी दिसत होती. दोघं रोलर फिरवत होते, एक जण झाडत होता, आणि क्रीजपाशी गुडघ्यावर बसून, दोरी ताणून, पांढऱ्या रंगाची रेघ ओढणारी एक टोपीवाली.

ह्यांनी मान पुढे काढली. मग चष्मा बदलला. “ही आपली?”

“मग काय माझ्या माहेरची?”

“दोरी सैल धरलीय,” हे म्हणाले. “रेघ वाकडी जाणार.”

रेघ वाकडी गेली नाही. फूटपट्टीनं मारावी तशी आली. ह्यांनी पडद्याला नाक लावून तपासली. “बरी आलीय,” म्हणाले. मग, “उन्हात बसलीय गं.” मग मी बघते तर ह्यांच्या हातात ह्यांचा फोन. नंबर शोधला नाही, आकडे दाबत गेले. चौदा महिन्यांत एकदाही न लावलेला नंबर तोंडपाठ होता ह्या माणसाला! मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या रिंगला तिनं उचलला. घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला. “बाबा? आईला काय झालं?”

“आईला काय धाड भरलीय? समोर बसलीय.”  मग, “टोपी नीट घाल. मान भाजतेय.”  डेपोत माइकवर अख्खा डेपो हलवणारा माणूस, आता अडखळत होता. “रेघ सरळ आली. आणि... ते म्हशींचं बोललो होतो ना मी, ते चुकलं माझं. वाईट बोललो. ऐकतेयस ना?”

“बाबा, कामात आहे,” ती म्हणाली. “ठेवते.” आणि फोन बंद.

ह्यांचा चेहरा उतरला. फोन उलटा करून मांडीवर ठेवला. “बरोबर आहे तिचं,” म्हणाले. “चौदा महिने मी तरी कुठे बोललो?” मला इतका राग आला पोरीचा! बापानं चूक कबूल केली, जन्मात पहिल्यांदा, आणि हिला दोन मिनिटं नाहीत?

तेवढ्यात माझं लक्ष मोबाइलकडे गेलं. ती अजून गुडघ्यावरच होती. शांतपणे ब्रश बुडवत होती.

“अहो,” मी म्हटलं, “अहो, हिचा फोन अजून वाजलाच नाहीये. इथे उशिरा दिसतं ना सगळं! इकडे बघा.”

आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून वाकलो. पडद्यावर तिनं खिशात हात घातला. फोन बघितला आणि ताडकन उभी राहिली, ब्रश खाली पडला. फोन कानाला. एक हात छातीवर. तो माझ्यासाठी होता. मग तो हात खाली आला, वर गेला, आणि तिनं टोपी मानेवर ओढून नीट केली. लगेच. लहानपणी करायची तशी.

मग ती ऐकत राहिली. मग फोन खिशात ठेवला. रेघेकडे वळली, दोन पावलं गेली, आणि तिथेच मैदानाच्या मधोमध मटकन खाली बसली. बाहीनं तोंड पुसत होती. रोलरवाला धावत आला, वाकून काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली, हसली असावी, कारण तोही हसला. त्यानं हात देऊन तिला उठवलं, तिनं ब्रश उचलला आणि दुसऱ्या टोकाची रेघ ओढायला निघाली. चालली नाही, पळत गेली.

टीव्हीवर जाहिराती संपल्या. दुसरा डाव सुरू झाला, बॉलर धावायला लागला. ह्यांनी तिकडे ढुंकून बघितलं नाही. डोळे पुसले, चष्मा पुसला, पुन्हा डोळे पुसले.

“त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना,” हे म्हणाले, “ह्याच्यात मागे घेता येतं?”

“येतं.”

“मग घे की. तिनं टोपी नीट केली ना, तिथपासून.”