बाबांच्या सुरीची मूठ

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी अनसिंगला माहेरी आले होते. मळ्यातली कोबी कापायची बाबांची सुरी पाहून मला किळस आली. पातं काळं पडलेलं, मुठीवर लाखेचा अन् चिंध्यांचा बेढब गोळा. तो मी खरवडून काढला, पातं विटेच्या भुकटीनं घासलं, मूठ काचेनं तासून तिला जवसाचं तेल चोळलं.

"लय बेस केली, माय," बाबा म्हणाले.

उसाच्या चरकात गेलेल्या त्यांच्या दोन बोटांची जागा तो गोळा भरत होता. मला मेलीला ते दिसलंच नाही. मी होते ते चार दिवस ते निसटत्या मुठीनं कोबी कापत राहिले.

बाबा वारल्यावर आई म्हणाली, "त्या दिवाळीले तुही गाडी दिसेनाशी झाली, तवा त्यायनं मले चिंधी मांगितली."