कानामागचा लाल

बाईंचा पारा चढला की संग्रहालयातले सगळे पांगायचे. उत्खननाच्या खड्ड्यांत उन्हातान्हात उमेदीची वर्षं घालवलेल्या आणि प्राचीन शिल्पांवर जाडजूड ग्रंथ लिहिलेल्या बाईंना "जरा सबुरीनं घ्या" म्हणायला कुणाची जीभ रेटणार? आणि खरं सांगायचं तर त्यांचा राग रास्तच असे.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जुने संगमरवरी पुतळे मुळात पांढरे नव्हतेच. घडवणाऱ्यांनी ते चांगले रंगवले होते, मातीत रंग झडला आणि उरलेल्या दगडाला आपण सौंदर्य म्हणत बसलो. विद्यार्थिनी असताना मुख्य दालनातल्या तरुणीच्या पुतळ्यावर त्यांनी बाजूनं दिवा धरला, तेव्हा कानामागच्या केसांच्या बटेत लाल ठिपका दिसला होता. "गंज असेल," म्हणून प्राध्यापकांनी उडवून लावलं. पुढे सहकाऱ्यांनीही तेच केलं, फक्त गोड बोलून. घरी कुणी लग्नाचा विषय काढला की थोरली बहीण म्हणायची, "तिचं केव्हाच जमलंय, त्या दगडातल्या पोरीशी."

खसखशीएवढा कण खरवडून तपासला असता तर गंज की रंग, याचा सोक्षमोक्ष लागला असता. पण पुतळ्याला इजा होईल म्हणून संग्रहालयाच्या समितीनं परवानगी वर्षानुवर्षं अडवून धरली. बाईंनीही कधी नख लावलं नाही. कायदा पाळणाऱ्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही, ते असे. शेवटी निवृत्तीच्या तोंडावर परवानगी मिळाली, प्रयोगशाळाही ठरली. कण काढण्याआधी संचालकांनी बाईंचा सत्कार ठेवला, त्याच पुतळ्यासमोर.

बाई आपल्या थोरल्या ताईला घेऊन दालनात शिरल्या आणि दारातच थबकल्या. पुतळा नव्या बेसिनसारखा चकाकत होता.

"तुमच्यासाठी खास धुऊन घेतला," संचालक कौतुकानं म्हणाले. "आम्ल लावून, ब्रशनं घासून. सगळी घाण काढायला लावली."

"कानामागची पण?"

"कानामागची आधी."

"माझं पुस्तक वाचलंत तुम्ही?"

"असं काय विचारता बाई, प्रस्तावना माझीच आहे की."

बाईंनी शिडी मागवली. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, समोर हार-गुच्छ मांडलेले आणि सत्कारमूर्ती शिडीवर चढून पुतळ्याच्या कानामागे विजेरी मारतेय. त्यांनी बराच वेळ पाहिलं. बट न् बट धुऊन निघाली होती. एक कण काढायला परवानगी लागत होती, सगळाच रंग काढायला मात्र कुणालाही विचारावं लागलं नव्हतं.

खाली उतरून त्या थेट माईकपाशी गेल्या.

"सत्कार राहू द्या. या पुतळ्याखाली पाटी लावा. इथे रंग होता, तो आम्ही धुतला, असं लिहा. खाली संचालकांचं नाव घाला."

संचालक ओशाळं हसले. माईकवर हात ठेवून, समजूत घालावी तसे हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही शास्त्राचं माणूस. रंग होता याला पुरावा काय?"

बाईंनी त्यांचा हात बाजूला केला.

"पुरावा तुम्ही गटारात सोडलात," त्या माईकमध्ये म्हणाल्या.

तोवर ताईनं पुढ्यातला गुच्छ उचलून संचालकांच्या खुर्चीवर ठेवला होता. मग दोघी बहिणी बाहेर पडल्या.