खिडकीसाठी वर गेलेला हात

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते आणि सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच म्हणून उभी राहते. पटावर एक नियम सगळ्यांनाच पाळावा लागतो: मोहऱ्याला हात लावला की तोच खेळायचा. मावशीने तो नियम घरातही आणला. फळांच्या ताटलीतल्या आंबट फोडीला बोट लागलं तर ती खावीच लागे. एकदा बाजारात तिचा स्वतःचाच हात एका भडक नारिंगी छत्रीला लागला, तर बाई ती घेऊनच घरी आल्या. काका म्हणतात, ''मला बसमध्ये हिचा धक्का लागला होता. बघा, अजून निस्तरतोय.''

मावशीची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे आमच्या गल्लीतली दातांची डॉक्टरीण. दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत दोघींचा डाव रंगायचा. भांडण ठरलेलं आणि चहाही ठरलेला. डॉक्टरीणबाईंना राष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं अध्यक्ष व्हायचं होतं, कित्येक वर्षांपासून. गेल्या वेळी त्या थोडक्यात हुकल्या. यंदा समोर कोणीच उभं नव्हतं, त्यामुळे त्या आधीच नवी साडी शिवून-बिवून, म्हणजे फॉल-पिको करून, तयार होत्या.

महासंघाच्या सभेत दोघी शेजारी बसल्या होत्या. हॉलमध्ये कोंदट झालं होतं. खिडकी उघडायला सांगावं म्हणून मावशीने हात वर केला, आणि नेमकं तेव्हाच सचिवांनी विचारलं, ''आणखी कोणी उमेदवार?''

मागून कोणीतरी उत्साहाने ओरडलं, ''अनुमोदन!'' आणि सचिवांनी नाव लिहूनही टाकलं.

मावशीने हात झटकन खाली घेतला. तिथेच ''अहो, खिडकी!'' म्हणाली असती तर सगळे हसले असते आणि प्रकरण मिटलं असतं. बाहेर पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला कोपऱ्यात गाठलं.

''उद्या माघार घे.''

''हात वर गेला ना गं. आता खेळायला हवं.''

''अगं, हा काय पटावरचा घोडा आहे?''

''नियम म्हणजे नियम.''

नियमाचं ठीक आहे, पण मला विचाराल तर मावशीला आतून थोडी हौसही आली होती. आपलं नाव मोठ्याने पुकारलेलं कोणाला आवडत नाही? डॉक्टरीणबाईंनाही तो वास आला असावा, कारण पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी म्हटलं, ''मावशी, मी खेळू का तुझ्याशी?'' तर म्हणाली, ''तुझ्याशी खेळण्यापेक्षा मी भिंतीशी खेळेन.'' मग पट मांडून एकटीच बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.

मतदानाच्या दिवशी दोघींना बोलायचं होतं. डॉक्टरीणबाई छान बोलल्या: प्रायोजक, प्रशिक्षण, परदेश दौरे. मग मावशी उठली. पंच म्हणून तिचा आवाज हॉलभर जातो, पण त्या दिवशी तो पहिल्या रांगेपर्यंतही जाईना.

''मी खिडकी उघडा म्हणायला हात वर केला होता,'' ती म्हणाली. हॉल हसला. ''तरी आता उभी आहे, तर खरं बोलते. आमच्या डॉक्टरीणबाई हरल्या की चिडतात. पण डाव संपला की मोहरे परत त्याच मांडतात. मी जिंकले तरी मांडत नाही, तशीच उठून जाते. अध्यक्षाचं काम बहुतेक मांडामांडीचंच असणार. तुम्हीच विचार करा. मी निवडून आले तर खिडक्या उघड्या ठेवीन, एवढंच.''

टाळ्या थांबेनात. डॉक्टरीणबाई मात्र मान खाली घालून बसल्या होत्या. आणि करायला गेले एक, झाले भलतेच! मावशी निवडून आली, तीही एका मताने. डॉक्टरीणबाई अभिनंदनही न करता निघून गेल्या. मावशी गळ्यात हार घालून घरी आली आणि न जेवता झोपली.

आठवडाभराने, भर दुपारी, डॉक्टरीणबाई दुकानाच्या पुढच्या दाराने गिऱ्हाईकासारख्या आत आल्या.

''दांडी सैल झालीय,'' चष्मा काउंटरवर ठेवत त्या म्हणाल्या.

मावशीने बारीक पेचकस घेतला. दांडीचा स्क्रू तर चांगला घट्ट होता. तरी ती तो पिळत राहिली.

''ते मत माझं होतं,'' डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

''कुठलं?''

''जे तुला जास्त पडलं ते. स्वतःच्या नावावर शिक्का मारायला गेले, तर तुझं ते मोहरे मांडण्याचं डोक्यातून जाईना. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं गं.''

''मग माझ्यावर रुसलीस कशाला?''

''तुझ्यावर कोण रुसलंय? माझ्याच गाढवपणावर चिडलेय. इतकी वर्षं जे मागत होते, ते स्वतःच्या हाताने देऊन आले.''

मावशीच्या हातातला पेचकस खाली पडला. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या लपवायचं भान तिला नव्हतं. टेबलावर महासंघाच्या फायलींचा ढीग तसाच बांधलेला पडला होता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला, ढिगाकडे पाहिलं, आणि काउंटरला वळसा घालून आत आल्या.

''सरक तिकडे. एक तरी सोडलीस का गं? माझ्याशिवाय जमेल तुला हे?''

''नाही,'' मावशी म्हणाली.

तिने इतक्या पटकन हार मानलेली मी आजवर पाहिली नव्हती.