सहा नंबर खोलीची पाच मतं

आमच्या चाचांनी अमेरिकेचे अध्यक्ष बदलले, तेही आखातात, गाला नावाच्या भागातल्या एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये, ब्रेकशूंच्या खोक्यावर बसून. चाचा म्हणजे आमचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. अमेरिकेत त्यांचं कोणी नव्हतं. पण तिथल्या पन्नास राज्यांचा नकाशा त्यांनी बटरपेपरवर उतरवून घेतला होता. चहाच्या सुट्टीत लाल-निळ्या पेन्सिली काढायचे, एखादं राज्य इकडचं तिकडे करायचे आणि बेरीज मांडायचे. दोनशेसत्तर मतं भरली की दुसराच माणूस अध्यक्ष. "खलास! झाली शपथ," म्हणून गार झालेला चहा एका घोटात संपवायचे. गॅरेजमध्ये त्यांचं नावच 'दोनशेसत्तर' पडलं होतं.

मी सातवीतून शाळा सोडलेला. हेल्पर म्हणून आलो तेव्हा खोक्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, आणि ते कुणाला कळेल या धास्तीने मी रंगावरून पार्ट ओळखायचो. चाचांच्या आठ दिवसांत लक्षात आलं. ओरडले नाहीत. नकाशा पुढे ओढला आणि म्हणाले, "सातवीवाले, हे राज्य वाच. चुकलास तर अमेरिकेचं नुकसान, तुझं काय जातंय?" अशी मी अक्षरं लावायला शिकलो. आधी टेक्सस, ओहायो, मग बेअरिंग आणि गॅस्केट. वर्षभराने त्यांनीच ऑफिसात शब्द टाकला, 'पोराला स्टोअरात घ्या' म्हणून.

तिथल्या निवडणुकीची रीतही त्यांनीच समजावली. प्रत्येक राज्याची मतं ठरलेली; राज्यात ज्याची सरशी, त्याला बहुतेक ठिकाणी ती सगळीच्या सगळी. दोन हजार सालच्या निकालानंतर टीव्हीवर फ्लोरिडाखेरीज दुसरं काही नव्हतं. चाचा मात्र नकाशाच्या वरच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या राज्यावर बोट ठेवायचे. "न्यू हॅम्पशायर. मतं चार. एवढं जरी वळलं असतं ना, तर फ्लोरिडाला कुणी विचारलं नसतं."

"पण चाचा, वळलं नाही ना. मग आता रंगवून काय उपयोग?"

"झालं ते सगळ्या जगाला दिसतं रे. जवळून काय निसटलं, ते बघायला नकाशा लागतो."

पुढच्याच वर्षी आमच्या कॅम्पात निवडणूक लागली. नऊ खोल्या, खोलीत पाच-पाच माणसं. अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला, तुमचा एक माणूस निवडा, मी त्याच्याशीच बोलेन. आमचं मागणं एकच होतं: रजा तीन वर्षांनी मिळते, ती दोन वर्षांनी मिळावी. फोरमन उभा राहिला. तो अर्बाबसमोर तोंड उघडणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून चाचा उभे राहिले.

हात वर करून मत घेतलं तर फोरमनसमोर कोणाचा हात वर गेला असता? त्यावर तोडगा चाचांनीच काढला, अमेरिकेचा. प्रत्येक खोलीत दूधपावडरचा डबा ठेवायचा, त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, आणि खोलीत ज्याचं बहुमत त्याला त्या खोलीची पाचही मतं. "नाव खोलीचं होईल, माणसाचं नाही. घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. सगळ्यांना पटलं. फोरमनही हसून हो म्हणाला.

गुरुवारी त्याने मला गाठलं. "तेरा कागज मेरे टेबल पे पडा है, याद है ना? स्टोअर में पक्का होना है ना तेरे को?" एवढंच म्हणाला. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. मी मान हलवली.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर चिठ्ठ्या पडल्या. आमची खोली सहा नंबरची. दोघे उघड चाचांचे, दोघे फोरमनचे, पाचवा मी. चिठ्ठीवर नाव इंग्रजीत लिहायचं होतं. ते इंग्रजी मला चाचांनी शिकवलं होतं, आणि त्याच अक्षरांत मी फोरमनचं नाव लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही.

पाच खोल्या फोरमनच्या, चार चाचांच्या. कुणीतरी गंमत म्हणून सगळे डबे एका परातीत ओतले आणि चिठ्ठ्या मोजल्या. चोवीस चाचांच्या निघाल्या, एकवीस फोरमनच्या! "अरे दोनशेसत्तर, तेरी अमेरिका ने तेरे को डुबाया!" कॅम्प हसून लोळला. चाचाही हसले. म्हणाले, "कायदा माझा, मग निकालही माझाच." मी ताट घासायच्या निमित्ताने नळावर गेलो आणि स्वच्छ ताट घासत राहिलो.

महिन्याभरात त्यांची बदली झाली, सलालाहच्या शाखेत. रजा तीन वर्षांचीच राहिली. माझ्या कागदावर सही झाली. पिकअपमध्ये सामान चढवताना मी त्यांची पेटी उचलली, तर म्हणाले, "राहू दे, तुझी कंबर सांभाळ. आता खोकी तुलाच उतरवायची आहेत." स्टोअरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गाडीत बसले.

तीन वर्षं मी फोन केला नाही. पुढच्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा धीर करून कार्ड घेतलं आणि बूथवरून लावला. चाचा खुशीत होते. "ओहायो बघितलंस? वीस मतं! तेवढं एकच राज्य..." त्यांना मध्येच तोडून मी सांगून टाकलं. सहा नंबर खोलीत पाचवी चिठ्ठी माझी होती, चाचा. फोरमनच्या नावाची.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"अरे, तुझा कागद त्याच्या टेबलावर होता ना. मतदानाच्या आदल्या दिवशी मी नऊ खोल्यांचा हिशोब मांडला, त्यात सहा नंबर त्याच्याच रंगात होती. मी तुला धरलाच नव्हता. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

मला बरं वाटावं म्हणून ते हे बोलले, त्यात शंका नाही. "जेवलास का?" असंही विचारलं. मी हो म्हणालो. कार्ड संपेपर्यंत ते ओहायोबद्दल बोलत राहिले, आणि मी कान देऊन ऐकत असल्यासारखा नुसता हुंकार भरत राहिलो.