कूलरपुढचं हेदर

हट्टी माणसं मी खूप पाहिली, जन्मभर मास्तरकी केली म्हणजे पाहावीच लागली. पण आमच्या शेजाऱ्यांच्या तोडीचा हट्टी माणूस अख्ख्या सेलू तालुक्यात नसेल. हे निवृत्त कृषी सहायक. हिंगणीपासून केळझरपर्यंत मोटारसायकल दामटत त्यांनी लोकांना आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, "जमीन पाहून पीक घ्या, बाप्पा!" आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या काळ्या, चुनखडीच्या अंगणात लावलं काय, तर हेदर. थंड डोंगरांवरचं, बारमाही हिरवं, जांभळ्या फुलांचं ते बुटकं झुडूप. स्कॉटलंडला राहणाऱ्या लेकीनं त्याचा फोटो पाठवला होता. ती दोन-तीन वर्षांतून एकदा यायची आणि चौथ्या दिवशी बॅग भरायची. "तिकडचं झाड इथं दिसलं तं पोरीले करमते, मास्तर. आठ दिवस तरी राह्यते का नाई पाहा," असं यांचं गणित.

त्या गणितापायी दमलो मी. कुठल्याशा थंड हवेच्या गावाहून सात रोपं आली. वाफ्याला जागा हवी म्हणून यांनी बायकोच्या हातची शेवंती उपटली आणि भिंतीवरून माझ्याकडे टाकली. वहिनींना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी चिडूनच ती मुळं फुटक्या बादलीत खोचली. हेदरला आंबट माती लागते म्हणून रोज ताक, तेही माझ्या घरचं. बोअरचं पाणी सोसत नाही म्हणून पावसाचं पाणी ड्रमांत साठवलेलं, त्यातले दोन ड्रम माझे. मे महिन्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधून दारात हजर. "मास्तर, तुमचा कूलर देता का जी?" मला वाटलं, यांचा बिघडला असेल. संध्याकाळी जाऊन पाहतो, तर दोन्ही कूलर वाफ्यापुढे घरघरताहेत आणि हे निंबाखाली घाम पुसत बसलेत. मी वैतागलो, तर म्हणतात, "आपन इथलेच आहो जी, आपल्याले सवय हाय. हे पावनं हाय."

सातांतलं एक जगलं. दिवाळीला लेक आली तेव्हा त्याला खरोखर चार जांभळी फुलं होती. मला साक्षीला बोलावणं आलं. तिनं वाकून पाहिलं. "बाबा, हे तर मी तिकडं रोजच पाह्यते. आईची शेवंती काऊन दिसून नाई राह्यली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी टोमण्याची संधी मी सोडत नाही, पण तेव्हा सोडली. घरी गेलो आणि पिवळ्या फुलांनी भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून आणली. पोर तिच्यापाशी पायरीवर बसून रडली. चौथ्या दिवशी मात्र ती गेलीच. "काका, तुमच्या हाती जगली, तुमच्याकडंच राहू द्या," म्हणाली.

हेदर पुढच्या उन्हाळ्यात गेलं. शेजाऱ्यांनी ऐन मे महिन्यात कूलर परत आणून दिला, तेव्हा मला कळलं. हल्ली ते रोज सकाळी ड्रमातलं पावसाचं पाणी घेऊन येतात आणि शेवंतीला घालतात.

"अहो, ती साध्या पाण्यावरही जगते," मी एकदा म्हटलं.

"मालूम हाय जी," ते म्हणाले. "जनमभर साध्यावरच ठेवली तिले."

आताशा मी फाटकाला कडी लावत नाही.