टिटव्यांच्या कुरणातला कावळा

आयर्लंडमधल्या माझ्या गावाहून, मेनूथहून, सकाळी सहाला निघालो, तेव्हा अण्णांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. पक्षी बघायला चाललोय, सहलीला नाही, असं मी त्यांना चिडवलं. अण्णा म्हणजे माझे वडील, महिनाभरासाठी सांगलीहून आलेले. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "आज तुझ्या आईचं वर्षश्राद्ध आहे. तिथीनं."

झालं! मी आपली तारीख धरून बसले होते, पुढच्या आठवड्यातली. तिथी बघायचं डोक्यातच आलं नाही. यांनी मात्र पहाटे उठून मुकाट्यानं दहीभात केला होता, आणि कावळ्यानं घास घेतल्याशिवाय ते तोंडात काही घालणार नव्हते. परत फिरूया का विचारलं, तर कावळे तिकडेही असतीलच की, म्हणाले. आई गेली तेव्हा मी वेळेत पोहोचले नव्हते, आणि आता हे. माझा मलाच भयंकर राग आला.

पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी नुसती भरली होती. कुरणांत कोकरं उड्या मारत होती. पेट्रोल पंपावर मी चहा आणि स्कोन (लोणी लावून खायचा जाडजूड पाव) घेतला. अण्णांनी फक्त पाणी घेतलं.

समुद्राजवळच्या एका ओल्या कुरणाशी नोरीन आमची वाट बघत होती. ही साठीतली निवृत्त नर्स, वसंतात इथल्या टिटव्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवते. हवा ग्रँड आहे, म्हणाली. (बोचरं वारं सुटलं होतं, पण इथे पाऊस नसला की सगळं ग्रँडच.) तिच्या दुर्बिणीतून टिटवी दिसली: हिरवट चमकती पाठ, डोक्यावर लांब तुरा. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा, त्यात चार अंडी. "ही तर शेंडी राखून बसलीय," अण्णा म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच ते हसले.

नोरीन मला आभाळात गाणारा चंडोल दाखवत होती, तेवढ्यात अण्णांनी कुरणाच्या कडेच्या दगडी गडग्यावर दहीभाताचा घास ठेवला आणि हात जोडले. थोड्याच वेळात कावळा आला. काळं डोकं, राखाडी अंग, आपल्याकडच्या कावळ्याचा थोरला भाऊच जणू. तो घासापासून हातभर अंतरावर उतरला. अण्णांचे डोळे भरून आले. मीही हात जोडले.

नोरीन माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "त्याला इथे खाऊ घालू नका. हेच कावळे अंडी पळवतात. इथे खायला मिळालं की ते जागा सोडत नाहीत."

खरं सांगते, एक घास घेऊ दे, मग सांगू, असं मनात आलं. पण कुरणाकडे नजर गेली आणि मला राहवलं नाही. अण्णांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी एकदा कावळ्याकडे पाहिलं, एकदा कुरणाकडे. मग डोक्यावरची कानटोपी काढून त्याला हाकललं. कावळा उडाला. अण्णा दगडावरचं शीत न् शीत वेचायला लागले.

हा काय प्रकार होता, ते मी नोरीनला समजावलं. तिनं आईचं नाव विचारलं, अण्णांचा हात धरून ते दोनदा उच्चारलं. आमच्याकडेही वर्षाच्या दिवशी चर्चमध्ये नाव घेतात, म्हणाली.

परतीच्या वाटेवर दुपारचे तीन वाजले, तरी अण्णा उपाशीच. त्यांचा चेहरा पार उतरला होता. शेवटी मी गाडी कडेला घेतली आणि जरा रागावूनच म्हटलं, "अण्णा, आता तरी खा. आईला कळणार नाही का, काय झालं ते?"

त्यांनी डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला. "तू खा आधी."

"मी? अहो, हे आईचं आहे."

"तू जेवल्याशिवाय ती कधी जेवली होती?"

मी चमचा हातात घेतला. अण्णांना आयर्लंड दाखवायचं म्हणून बाहेर पडलो होतो, बरंच बघितलंही. पण त्या दिवशी काय बघितलं असं कुणी विचारलं, तर मला एवढंच सांगता येतं: हमरस्त्याच्या कडेला मी गार दहीभात रडत रडत खात होते, आणि माझा शेवटचा घास गिळून होईपर्यंत अण्णा माझ्याकडे एकटक बघत होते. मग त्यांनी हात जोडले आणि चमचा मागितला.