गरम भरलेलं पीठ

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एकाच कारखान्यात मी एकवीस वर्षं काढली. आम्ही प्लास्टिकचे ड्रम बनवतो. कोणत्या आठवड्यात कोणत्या मापाचे किती ड्रम काढायचे हे ठरवणं माझं काम. बायको म्हणते, तुम्ही घरीसुद्धा मोजून बोलता. ते खरंच आहे. पुढे लिहितोय ते मी तिलाही चार वर्षं सांगितलं नव्हतं.

कारखान्यात माल दोन तऱ्हांनी बनतो. एक म्हणजे वरून अंदाजाने आकडा येतो, तेवढं बनवायचं आणि विक्रेत्यांच्या गळ्यात मारायचं. मार्च अखेरीला आम्ही हेच करतो. दुसरी तऱ्हा म्हणजे पुढच्याने जेवढं उचललं तेवढंच मागच्याने करायचं. ही दुसरी तऱ्हा शिकवायला पुण्याहून एक सल्लागार आले होते. रिकामं क्रेट परत आलं की ती मागणी समजायची. क्रेट नाही, तर मशीन बंद. सगळे वहीत उतरवून घेत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वहिनीच्या पडवीतली फळी होती. सूटबूटवाल्या माणसासमोर आमच्या वाडीचं काय सांगायचं, असं वाटलं.

वाडी पोलादपूर तालुक्यात, उमरठच्याही पुढे डोंगरात. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला, मुलगा-सून नालासोपाऱ्याला, ती एकटीच वाडीवर. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं मुंबईला, आणि त्या सगळ्या घरांत कुळथाचं पीठ वहिनीच्या हातचं. पीठ संपलं की डबा घासून गावी येणाऱ्याच्या हाती परत यायचा. रिकामा डबा पाठवू नये म्हणून तळाशी चहाची पुडी, नाहीतर मूठभर साखर. झाकणावर नेलपॉलिशने काढलेली घराची खूण. फळीवर जितके डबे, तितकेच कुळीथ वहिनी भाजणार. आख्खे कुळीथ राख लावून ठेवले की वर्षभर टिकतात, पीठ टिकत नाही. म्हणून डबा आल्याशिवाय ती कुळथाला हात लावायची नाही.

तिच्या भाजण्याची ख्याती होती. कुठल्याही लग्नघरी लाडवांचं बेसन भाजायला तिलाच बसवायचे. वास बदलला की ती कढई उतरवायची, बघायचीसुद्धा नाही. दुसरं तिच्याजवळ मिरवण्यासारखं काही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मुंबईच्या आमच्या मंडळाचे सेक्रेटरी, नात्याने माझे थोरले भाऊच, त्यांचा फोन आला.

"डब्याडब्यानं काय धंदा होतो काय रे? पाकिटं कर. वर वाडीचं नाव छाप. गणपतीला सगळी येणार, हातोहात जाईल बघ."

'जाईल' असं कारखान्यात कोणी म्हटलं असतं तर मी विचारलं असतं: कोणाला, किती, कधी. दादांना मी काहीच विचारलं नाही. वाडीचं नाव छापलेलं पाकीट हातात धरून काढलेला माझा फोटो मला आधीच दिसायला लागला होता.

चार बायका जमवल्या आणि वहिनीच्या पडवीत बसून समजावलं. पावसात वीज जाते, गिरणी बंद पडते, दरड आली की रस्ता बंद. तेव्हा सगळं आत्ताच करून ठेवायचं. सांगताना माझं मलाच पटत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतंही.

वहिनी म्हणाली, "भावोजी, डबाच नाय आला तर मी भाजू कोणासाठी?"

"गणपतीला लागेलच ना, वहिनी."

"गणपतीला ती हितंच जेवतात. आपापल्या चुलीवर."

शेजारची काकी म्हणाली, "गप गो. तुझी आता कंपनी झालीय. दाराला भोंगा लाव, आमी डबे घेऊन येतो कामावर." सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि विषय तिथेच संपवला.

पाकिटं बंद करायचं मशीन महाडच्या एका फरसाणवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वीजच नव्हती. दुसऱ्या दिवशी वहिनीने भाजलेल्या कुळथाचं पीठ गिरणीतून आलं तेव्हा चार वाजले होते, आणि मशीन संध्याकाळी परत द्यायचं होतं. वहिनीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"हे पसरू द्या भावोजी, निवू द्या. गरम पीठ कोंडलं तर घाम धरतं."

"पाकीट चांगल्यातलं आहे वहिनी. हवा आत जात नाही."

"आत जात नाय म्हंजे भायेर बी येत नाय ना?"

बायका परत हसल्या. ह्या वेळी मला राग आला. कारखान्यात इतक्या वर्षांत मला असं चारचौघांत कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मशीन परत द्यायचंय. भरा." वहिनीने हात झटकला, पदराला पुसला आणि भरायला बसली. तीनशेचाळीस पाकिटं झाली. मी फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुष्कळ अंगठे आले.

पाकिटं देवळामागच्या खोलीत पावसाळाभर राहिली. मी एकदाही जाऊन एक फोडून पाहिलं नाही. गणपतीला मुंबईकर आले आणि वहिनी म्हणाली होती तसंच झालं. जो तो घरचंच जेवला, लाजेकाजेस्तव एकेक पाकीट उचललं. उरलेली दादांनी खाजगी बसच्या टपावर घातली आणि मंडळाच्या बैठकीत घरटी पाच-पाच वाटली. लोकांनी घेतली आणि माळ्यावर टाकली. मी मनात नोंद केली, माल निघाला. मार्च अखेरीला विक्रेत्याच्या गोदामात ड्रम ढकलून आम्ही नेमकं असंच म्हणतो. ते ड्रम तिथे उन्हात तडकतात, पण तोवर आमचा अहवाल गेलेला असतो.

वहिनीच्या फळीवर तेव्हापासून एकही डबा आला नाही. घरात पाच पाकिटं पडलेली असताना डबा कोण पाठवणार?

दिवाळीनंतर ग्रुपवर फोटो आला. ताटात ओतलेलं पीठ, त्यात जाळी, जाळीत वळवळणारे किडे. मग दुसऱ्या घरचा, मग तिसऱ्या. कोणी लिहिलं, हे आम्ही पोरांना खायला घालणार होतो. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होतो, पुढ्यात वडापाव. मी टाइप केलं: "भाजणी कमी पडली असावी. वहिनींचं वय झालं आता. पुढच्या वेळी लक्ष ठेवतो."

ही तीन वाक्यं लिहायला मला मिनिटही लागलं नाही. गरम पीठ कोणी भरायला लावलं हे मला ठाऊक होतं. तिथे असलेल्या पाची बायकांनाही ठाऊक होतं, पण त्यांच्यातली एकही त्या ग्रुपवर नव्हती.

वहिनीची सून ग्रुपवर होती. हळदीकुंकवाला तिला कोणीतरी विचारलं, "सासूबाईंना आता कढई दिसत नाय वाटतं?" तिने ते फोनवर सासूला सांगितलं. पुढे डबे आलेच नाहीत. लोक दुकानातून पीठ आणायला लागले, काहींनी पिठी करायचंच सोडलं. मी वाडीवर जाणं कमी केलं. काम फार आहे म्हणायचो. काम होतंच.

यंदा मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला जावंच लागलं. मांडवामागे चुलाणावर बेसन भाजत होते आणि कढईशी दुसरीच बाई होती. वहिनी कांदे चिरत बसली होती. बेसन लागल्याचा वास आला. मला आला म्हणजे तिला केव्हाच आला असणार. तिने मान वर केली नाही. कढईवाली म्हणाली, "अगो बाय, जळलं काय गो?" त्यावर वहिनी म्हणाली, "मना काय ईचारतंस? मना कळत नाय त्यातलं."

दुपारी ती विहिरीवर एकटी भेटली. मी सगळं सांगितलं. काय टाइप केलं होतं तेही, शब्दन् शब्द. तिने कळशी भरून काठावर ठेवली.

"मना ठाव हाय, भावोजी. तवाच कळलं. माज्यासमोर कशाला कबूल करता? मी काय तितं नव्हते?" मग कळशी कमरेवर घेत म्हणाली, "ज्यांना लिवलंत त्यांना लिवा."

लिहायला मला पुढे तीन महिने लागले. त्याच ग्रुपवर लिहिलं: पीठ गरम असताना मी भरायला लावलं, वहिनींनी अडवलं होतं, भाजणीचा दोष नव्हता, मी खोटं लिहिलं. चार जणांनी हात जोडलेले पाठवले. एकाने अंगठा. लगेच खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. दादांचा तेवढा फोन आला: "जुनं कशाला उकरतोस रे? आता कोण खातंय ते पीठ?"

गणपतीत मी वाडीवर गेलो आणि तिला सांगितलं, लिहिलं म्हणून. ती तांदूळ पाखडत होती. सुपाचा हात थांबला.

"मग? कोण काय बोललं?"

एवढा वेळ तिच्या तोंडाकडे मला बघवलं नव्हतं, तेव्हा बघितलं. ती खरंच वाट बघत होती. कोणीतरी चुकचुकलं असेल, कोणीतरी म्हटलं असेल की तिच्या हातचं पीठ ते पीठ. असं एखादं वाक्य मला सहज बनवता आलं असतं.

"कोणी काही बोललं नाही, वहिनी," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि सुपातले खडे बघायला लागली.